दोन्ही एंडकडून एकट्यानेच बॉलिंग? धंद्यात हे फार दिवस चालत नाही



क्रिकेटमधला एक साधा नियम तुम्हाला माहीतच आहे. एका बॉलरला लागोपाठ दोन ओव्हर टाकता येत नाहीत. तो कितीही भारी बॉलर असू दे, ओव्हर संपली की बॉल दुसऱ्याच्या हातात द्यावाच लागतो. टी-ट्वेंटीमध्ये तर नियम आणखी कडक. एका बॉलरला जास्तीत जास्त ४ ओव्हर. म्हणजे २० ओव्हर पूर्ण करायच्या तर किमान ५ बॉलर लागणारच. कॅप्टनच्या मनात असो वा नसो, नियमच त्याला टीम बांधायला लावतो.

धंद्यात असा नियम कुणीही घालून दिलेला नाही. म्हणूनच ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत बघा, कितीतरी दुकानं, पोळी-भाजी केंद्रं, छोटी वर्कशॉप्स एकाच माणसाच्या जिवावर चाललेली असतात. पहाटे कल्याणच्या मार्केटमधून माल आणणारा तोच, दुपारी गल्ल्यावर बसणारा तोच, संध्याकाळी डिलिव्हरी देणारा तोच आणि रात्री हिशोब लिहिणारा पण तोच. हा माणूस दोन्ही एंडकडून एकटाच बॉलिंग करतोय. आणि लोक त्याला वर शाबासकी देतात, की बघा किती मेहनती आहे!

माझं मत स्पष्ट आहे. मेहनत हवीच, पण मुख्य माणसावर किती भार टाकायचा हे मोजणं आणि त्याच्या मागे दुसरी फळी उभी करणं हे मालकाचं पहिलं काम आहे. धंदा मोठा झाल्यावर करायचं काम नाही हे. धंदा छोटा असतानाच करायचं.

बुमराहचं गणित समजून घ्या

२०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराहने पाच टेस्टमध्ये ३२ विकेट घेतल्या. त्यासाठी त्याने दीडशेपेक्षा जास्त ओव्हर टाकल्या. अडचण आली की कॅप्टनचा हात त्याच्याकडेच जायचा. मग सिडनीच्या शेवटच्या टेस्टमध्ये काय झालं? पाठ धरली. दुसऱ्या डावात, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हा तो एकही बॉल टाकू शकला नाही. ऑस्ट्रेलियाने १६२ धावा करून मॅच जिंकली आणि सिरीज ३-१ ने नेली. त्यानंतरची चॅम्पियन्स ट्रॉफीही त्याला खेळता आली नाही.

आता २०२५ चा इंग्लंड दौरा बघा. तिथे सिरीज सुरू होण्याआधीच ठरलं होतं, बुमराह पाचपैकी तीनच टेस्ट खेळणार. खूप टीका झाली. पण तो नसताना एजबॅस्टनला आकाश दीपने मॅचमध्ये १० विकेट काढल्या आणि भारत ३३६ धावांनी जिंकला. शेवटच्या ओव्हल टेस्टमध्येही बुमराह नव्हता. तिथे मोहम्मद सिराजने ओढून आणलं आणि भारताने ६ धावांनी मॅच मारली. सिरीज २-२.

काही लोकांनी यातून उलटाच अर्थ काढला, की बुमराहची गरजच नाही. अहो, असं नाही! हुकमाचा एक्का हुकमाचाच असतो. मुद्दा एवढाच, की तो कधी नसणार हे आधी माहीत होतं, म्हणून बाकीचे तयारीत होते. सिडनीला ते अचानक झालं. सुट्टी दोन्हीकडे झाली. एकीकडे ती मालकाने ठरवली, दुसरीकडे पाठीने ठरवली. तुमच्या धंद्यात कोण ठरवणार, ते आज ठरवा.

बेसबॉलवाले बॉल मोजतात

या बाबतीत अमेरिकेतल्या बेसबॉलकडून शिकण्यासारखं आहे. तिथे मोठ्या लीगमध्ये एक टीम एका सीझनला १६२ मॅच खेळते, जवळजवळ रोज एक. मॅचची सुरुवात करणारा मुख्य बॉलर, ज्याला ते स्टार्टिंग पिचर म्हणतात, तो साधारण पाच दिवसांतून एकदाच मैदानात उतरतो. अशा पाच जणांची पाळी लावलेली असते. त्यातही त्याने टाकलेला प्रत्येक बॉल मोजतात. आकडा शंभराच्या आसपास गेला की मॅनेजर त्याला बहुतेक वेळा बाहेर काढतो, भले तो छान टाकत असला तरी.

मग पुढे कोण? मैदानाच्या कडेला एक जागा असते, तिला बुलपेन म्हणतात. तिथे सात-आठ बॉलर तयारीत असतात. कुणी मधल्या टप्प्यासाठी, कुणी फक्त शेवटच्या टप्प्यासाठी. प्रत्येकाला आपलं काम माहीत असतं आणि बोलावणं यायच्या आधीच तो अंग गरम करून ठेवतो.

लहान मुलांसाठी तर तिथे तक्ताच आहे. ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ पेक्षा जास्त बॉल टाकू नयेत, आणि ६६ च्या वर गेला तर पुढे चार दिवस विश्रांती, अशी शिफारस आहे. ‘तुला बरं वाटतंय का?’ एवढं विचारून ते थांबत नाहीत. कारण जिंकायच्या जोशात असलेला पोरगा ‘हो’च म्हणणार. तुमचा चांगला कारागीरही तेच म्हणतो. ‘काही नाही शेठ, करतो की.’ म्हणून विचारू नका, मोजा.

तुमच्या धंद्यातला ‘बॉल’ कोणता ते शोधा. टेलरिंगमध्ये शिवलेले ब्लाऊज, क्लासमध्ये घेतलेले तास, रिपेअरिंगमध्ये दिवसभरात हाताखालून गेलेली मशीन. आठवडाभर आकडा वहीत लिहा. आणखी एक बघा. बॉलर थकला की आधी वाइड आणि नो बॉल वाढतात, दुखापत नंतर येते. धंद्यात वाइड म्हणजे चुकलेली ऑर्डर, गिऱ्हाइकावर निघालेला चिडका शब्द, राहून गेलेलं बिल. हे वाढलं की ओरडू नका. ओव्हर मोजा.

आपल्या कल्याणच्या तुषारचं उदाहरण

‘सर, दुसरा माणूस ठेवला होता, पण त्याला जमतच नाही.’ हे वाक्य मी खूप ऐकतो. त्यावर कल्याणच्या तुषार देशपांडेचं उदाहरण देतो.

३१ मार्च २०२३. आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा नियम त्याच दिवशी पहिल्यांदा वापरात आला आणि चेन्नईने बेंचवरून आणलेला तो पहिला खेळाडू होता तुषार. काय झालं? ३.२ ओव्हरमध्ये ५१ धावा, विकेट फक्त एक. चेन्नई हरली. पुढच्या मॅचमध्येही चेन्नईच्या बॉलर्सनी भरपूर वाइड आणि नो बॉल टाकले. धोनीने जाहीरपणे दम भरला, की हे थांबलं नाही तर नव्या कॅप्टनच्या हाताखाली खेळावं लागेल.

दम भरला, पण बॉल काढून घेतला नाही. पुढच्या मॅचमध्ये, त्याच्या पुढच्या मॅचमध्ये तुषारला ओव्हर मिळत राहिल्या. सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर २१ विकेट होत्या, चेन्नईकडून सगळ्यात जास्त. आणि ट्रॉफी चेन्नईची.

आता स्वतःला विचारा. तुमच्या नवीन माणसाने पहिल्या दिवशी ५१ धावा दिल्या, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करता? बहुतेक मालक म्हणतात, ‘सोड, मीच करतो.’ तिथेच दुसरी फळी मरते. चूक स्पष्ट शब्दांत सांगा, पण काम परत त्याच्याच हातात द्या. फक्त एक पथ्य पाळा. नव्या माणसाला शेवटची ओव्हर पहिल्याच दिवशी देऊ नका. दिवाळीच्या फराळाची गर्दी सुरू झाल्यावर चकलीला नवीन हात बसवायला जाऊ नका. ते श्रावणात करा, गिऱ्हाईक कमी असताना.

‘पण सर, बेंच ठेवायला पैसे कुठून आणू?’

प्रश्न बरोबर आहे. तुम्ही काही आयपीएलची टीम नाही. पण गणित करून बघू.

समजा, डोंबिवलीत तुमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पोळ्या लाटणाऱ्या ताई रोज ४०० पोळ्या करतात आणि तुम्ही पोळी १० रुपयांना विकता. म्हणजे रोजची ४,००० ची विक्री एका मनगटावर. ताई आजारी पडून १० दिवस आल्या नाहीत, तर ४०,००० ची विक्री अडकली. भाडं चालूच. आणि महिन्याचं बांधलेलं गिऱ्हाईक शेजारच्या केंद्रात गेलं, तर ते परत येईलच असं नाही.

आता शेजारच्या सोसायटीतल्या एका मावशींना आठवड्यातून दोन दिवस १०० पोळ्या करायला बोलवा. समजा पोळीमागे २ रुपये दिले, तर दिवसाचे २०० आणि महिन्याचे साधारण १,६००. त्या दोन दिवशी ताईंच्या हाताला थोडा आराम, नाहीतर तुमच्याकडे १०० पोळ्यांची जास्तीची ऑर्डर घ्यायची ताकद. आणि मावशींचा हात तुमच्या पिठाला, तुमच्या तव्याला सरावलेला. हेच तुमचं बुलपेन. पूर्ण पगाराचा माणूस लागतोच असं नाही.

पार्ट-टाइम बॉलरही मॅच जिंकून देतो. १९९३ च्या हिरो कपची सेमीफायनल आठवा. ईडन गार्डन्सवर शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला ६ धावा हव्या होत्या. बॉल दिला सचिन तेंडुलकरला, ज्याने त्या मॅचमध्ये तोवर एकही ओव्हर टाकली नव्हती. त्याने ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला. पण लक्षात ठेवा, सचिन बॅट्समन असला तरी नेटमध्ये बॉलिंग करत असे. हात बसलेला होता.

‘कपिल देवला कुठे विश्रांती लागायची?’

हेही कुणीतरी म्हणतंच. खरं आहे. कपिल देव १३१ टेस्ट खेळले आणि दुखापतीमुळे एकही टेस्ट चुकवली नाही. त्यांना सलाम. पण असा माणूस एखादाच असतो. आपल्या घरात, आपल्या दुकानात तो निघेलच, या भरवशावर कर्ज काढायचं का? बॅंकेचा हप्ता तुमच्या पाठदुखीसाठी थांबत नाही.

आणि एक कडू गोष्ट. बहुतेक छोट्या धंद्यांत सगळ्यात जास्त ओव्हर टाकलेला माणूस कारागीर नसतोच. तो तुम्ही स्वतः असता. त्यामुळे बॉल काढून घ्यायला दुसरा कुणी येणार नाही. कॅप्टन पण तुम्हीच, बॉलर पण तुम्हीच. थकलेला बॉलर स्वतःला बाहेर काढत नाही. म्हणून नियम आधी लिहून ठेवायचा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

१. माझ्या धंद्यात फक्त एकाच माणसाला जमतं, असं कोणतं काम आहे?
२. तो माणूस आठवड्याला किती ‘बॉल’ टाकतो, आणि किती झाले की मी त्याला थांबवणार?
३. ते काम शिकवण्यासाठी दुसऱ्या कुणाला, कोणत्या दिवशी, किती तास देणार?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात वार आणि वेळ हवी. ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे उत्तर चालणार नाही. कागद गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे रोज दिसेल.

पुढच्या व्हिडिओत आपण नवीन माणसाला काम शिकवायची पद्धत स्टेप बाय स्टेप बघणार आहोत. तोपर्यंत हा कागद भरून ठेवा.

धंदा वाढवा, पण पाठ सांभाळून!