कुटुंबासोबत पाहण्याजोगी? पण कुठल्या कुटुंबासोबत?



"ताई, ती ‘दिल्ली क्राइम’ घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी आहे का हो?" शनिवारच्या बैठकीत वस्तीतल्या एकीने मला विचारलं. भाच्याने मोबाइलवरची ही मालिका टीव्हीला जोडून दिली होती. घरात सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर आणि अकरावीतली मुलगी. खोली एक, टीव्हीही एकच. मी फारसा विचार न करता सांगून टाकलं, "नको गं. फार भयंकर आहे. शिव्याही आहेत. पोरीसमोर तर नकोच."

हा सल्ला चुकला. कसा चुकला ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे, कारण असा सल्ला आपण सगळ्याच जणी येता-जाता देत असतो.

आधी हे पाहू, की ‘घरात बघण्यासारखं’ आपण कशाला म्हणतो. पडद्यावर नायक-नायिका जवळ आले, की बापाचा हात रिमोटकडे जातो. मोठी शिवी आली, की आजी खाकरते. पण नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत मारली, सासूने सुनेला ताटावरून उठवलं, भावाने बहिणीला ओढत घरात कोंडलं, तर कोणाचा हात रिमोटकडे जातो? उलट सगळे आणखी सरसावून बसतात. म्हणजे आपल्या घरांना हिंसेची लाज वाटत नाही, बाईच्या अंगाची वाटते. २०२१ च्या नियमांनी मोबाइलवरच्या मालिकांना सात, तेरा, सोळा वर्षांवरील आणि प्रौढांसाठी असे शिक्के लावायला सांगितले. शिक्के असावेत, माझा विरोध नाही. पण शिक्का बघणाऱ्याचं वय विचारतो. शेजारी कोण बसलं आहे, हे तो विचारत नाही.

माझ्याकडे सल्ला मागणाऱ्या या मैत्रिणीच्या घरी गुन्ह्यांच्या मालिका नव्या नव्हत्या. खऱ्या गुन्ह्यांची नाट्यरूपं दाखवणारे कार्यक्रम तिथे रोज जेवणाच्या वेळी लागत. ‘क्राइम पेट्रोल’ २००३ साली आलं, ‘सावधान इंडिया’ २०१२ साली. वाहिन्यांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमांत प्रौढांसाठीचा मजकूर रात्री अकरा ते पहाटे पाचच्या दरम्यान दाखवायचा असं ठरलं होतं. पण जुने भाग मोबाइलवर चोवीस तास मिळू लागल्यावर त्या घड्याळाला कोण विचारतो?

या कार्यक्रमांचा एक ठरलेला साचा आहे. मुलगी एकटी चालली आहे, मागून पावलं वाजताहेत, संगीत चढत जातं. कॅमेरा तिच्या पाठीमागून येतो, म्हणजे आपण सगळे त्या माणसाच्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघतो. दुसरा साचा बाईच गुन्हेगार असल्याचा. तिचं कुठेतरी ‘प्रकरण’ असतं आणि त्यापायी ती नवऱ्याचा काटा काढते. शेवटी सूत्रधार येऊन गंभीर चेहऱ्याने सावध राहायला सांगतो. सावध कोणी राहायचं? जिच्यावर अत्याचार होतो तिनेच. मुलग्यांनो, तुम्ही असं वागू नका, असा उपदेश मी अजून ऐकलेला नाही.

त्या घरात याचा परिणाम काय झाला? संध्याकाळच्या क्लासहून परतणाऱ्या मुलीवरचा एक भाग सगळ्यांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी या मुलीचा संगणकाचा क्लास बंद झाला. निर्णय धाकट्या काकाने जाहीर केला, आजीने दुजोरा दिला. आईला वाटलं, काळजीपोटीच म्हणताहेत.

आता सरकारी आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते. नोंदवलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला. आणि स्त्रियांवरील गुन्ह्यांमधला सगळ्यांत मोठा गट असतो तो नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा. म्हणजे कुलूप लावून मुलीला जिथे ठेवायचं, धोका बहुतेक वेळा तिथेच किंवा तिथून हाकेच्या अंतरावर असतो.

मग आमच्या गटाने ‘दिल्ली क्राइम’चा पहिला भाग केंद्रात एकत्र बसून पाहायचं ठरवलं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या तपासावरची ही मालिका. रिची मेहता यांनी ती केली, २०१९ मध्ये ती आली आणि २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. सात प्रकरणं आम्ही चार शनिवारी पाहिली. दिवे चालू ठेवून. मध्ये थांबवून, बोलून. ही मैत्रीण मुलीला घेऊन आली. एक जण तिसऱ्या प्रकरणात उठून गेली आणि पुन्हा आली नाही. तिला कोणी बोलावलंही नाही, कारण तिला का सोसलं नसेल हे आम्हाला ठाऊक होतं.

या मालिकेत बलात्कार दाखवलेलाच नाही. कॅमेरा त्या बसमध्ये शिरत नाही. जे कळतं ते डॉक्टरांच्या तोंडून, त्या मुलीच्या बोलण्यातून आणि आरोपीच्या निर्ढावलेल्या कबुलीतून. ऐकताना अंगावर काटा येतो, पण बघून चवीने चघळावं असं त्यात काही नाही. शेफाली शाह यांनी उभी केलेली पोलीस उपायुक्त त्या मुलीचं ऐकते आणि पहिल्या क्षणापासून तिच्यावर विश्वास ठेवते. एवढ्या रात्री बाहेर का होतीस, कोणाबरोबर होतीस, असले प्रश्न ती विचारत नाही. रसिका दुगल यांनी केलेली नवशिकी अधिकारी तिच्या खाटेजवळ बसून राहते.

दोषही सांगते. ही पोलिसांच्या बाजूने सांगितलेली गोष्ट आहे. रस्त्यावर उतरलेली मुलं-मुली तिथे तपासात अडथळा आणणारी गर्दी होऊन येतात. पण त्याच गर्दीमुळे २३ डिसेंबर २०१२ रोजी न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि महिन्याभरात तिचा अहवाल आला. बलात्काराला फाशी नको, मात्र नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच माना, असं समितीने सुचवलं. सरकारने काही प्रकरणांत फाशी आणली आणि नवऱ्याला मोकळं सोडलं. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती सूट तशीच आहे. मालिका पाहून पोलिसांच्या प्रेमात पडणाऱ्या मुलींना मी मथुरा प्रकरणाची आठवण करून दिली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि अंगावर जखमा नाहीत म्हणून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९८३ चा कायद्यातला बदल बायका रस्त्यावर आल्या म्हणून झाला. कोणा कर्तबगार अधिकाऱ्याच्या कृपेने नव्हे.

चौथ्या शनिवारी सगळ्या पांगल्यावर ती मुलगी मागे राहिली. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.) बराच वेळ सतरंजीची घडी घालत होती. मग म्हणाली, "ताई, आमच्याकडे असलं काही लागलं ना, की काकाच सगळ्यांत जोरात ओरडतो. असल्यांना भर चौकात फाशी द्या म्हणतो." मी गप्प बसले. ती पुढे म्हणाली, "आणि लाइट गेली की तोच माझ्या शेजारी येतो."

क्लास बंद करणारा काका तो हाच.

पुढे जे करायचं ते केलं. अठराच्या आतली मुलगी, त्यामुळे २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली तक्रार झाली. आई आधी कोसळली, मग मुलीच्या बाजूने उभी राहिली. घरात अजून दोन तट आहेत. सासू म्हणते, तुमच्या त्या केंद्रात भलतंसलतं दाखवतात म्हणून पोरगी बिघडली.

सासूबाईंचं एका परीने खरंच आहे. दाखवलं म्हणून ती बोलली. आणि माझा पहिला सल्ला त्या आईने ऐकला असता तर? मुलगी अजून त्या खोलीत बसून रोज काकाच्या तोंडून फाशीच्या घोषणा ऐकत राहिली असती.

गुन्हेगारी मालिकेचा खरा धोका मला तिथे दिसला. पडद्यावरचा गुन्हेगार राक्षस असतो, परका असतो, पकडला जातो. खोलीतला प्रत्येक पुरुष मग सहज पोलिसांच्या बाजूला जाऊन बसतो. आरोपीच्या जागी कोणालाच बसावं लागत नाही. मालिकेच्या शेवटी कुटुंब निर्दोष सुटतं. फाशी मागण्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही, त्यासाठी स्वतःच्या घराकडे बघावं लागत नाही.

मग यांच्यावर बंदी मागायची का? आपल्याच चळवळीने ऐंशीच्या दशकात अश्लील पोस्टर्सना काळं फासलं होतं, १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदाही झाला. पण त्या वेळचा अनुभव काय सांगतो? कात्री हातात आली, की ती बाईच्या अंगावर चालते, बाईच्या अपमानावर चालत नाही. मला बंदी नको. मला हवी आहे ती बायकांची परीक्षा. ती आपण आपल्या घरात, आपल्या गटात घ्यावी.

माझे प्रश्न असे आहेत. कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी बघतो, बाईच्या की तिच्या मागे लागलेल्याच्या? संपल्यावर घरात कोणावर बंधन येतं, मुलीवर की मुलावर? बघताना कोणी मध्येच उठून जाऊ शकतं का, कारण न सांगता? आणि शेवटचा प्रश्न, जो कुठल्याही शिक्क्यावर लिहिलेला नसतो: ही मालिका बघून झाल्यावर या खोलीतली सगळ्यांत लहान मुलगी काही बोलली, तर तिचं ऐकलं जाईल का?

‘दिल्ली क्राइम’ लहान मुलांसाठी नाही. सोळा-सतराच्या मुलामुलींनी ती जरूर बघावी, मुलग्यांनी तर नक्कीच. पण विश्वासाच्या मोठ्या बाईसोबत, आणि नंतर बोलायला वेळ ठेवून. घरात असं बोलणं शक्य नसेल तर केंद्रात, शाळेत, मंडळाच्या खोलीत. मुलीने काही सांगितलंच, तर १०९८ हा मुलांसाठीचा आणि १८१ हा स्त्रियांसाठीचा क्रमांक भिंतीवर आधीच लिहून ठेवा.

पुढच्या वेळी कोणी मला विचारलं, की ताई, ही घरात बघण्यासारखी आहे का, तर मी उत्तर देण्याआधी उलट विचारणार आहे: "घरात कोण कोण असतं गं?"