आवाज बंद, पॉइंट चालू

थोडं लांबलंय, पण वाचा. डॉक्टर मित्रांना राग येईल, त्यांनी खाली कमेंटमध्ये खुशाल झोडपावं.

परवा एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात बसलो होतो. समोर पेशंट, टेबलावर मोबाईल, मोबाईलवर वेबिनार चालू आणि आवाज बंद. विचारलं, हे काय? म्हणाला, "पॉइंट चाललेत." मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यातले राहिलेले गोळा करत होता. तो हसला, मीही हसलो. घरी येताना २०२० आठवलं आणि हसू गेलं.

तेव्हा हाच माणूस याच खुर्चीत रात्री अकरापर्यंत वेबिनार बघायचा. आवाज फुल, हातात वही. कारण समोर आलेल्या आजाराबद्दल कुणालाच धड माहिती नव्हती आणि विचारायला कुणी नव्हतं. मुंबईतले ज्या डॉक्टरांची वेळ मिळायला आमच्याकडच्या पेशंटला महिना लागतो, ते थेट तालुक्याच्या दवाखान्यात बोलत होते. असं आधी कधी झालं नव्हतं. म्हणून "ऑनलाइन म्हणजे नुसता देखावा" म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझं भांडण वेगळं आहे. ते कार्यक्रम भरवले कुणी, भरवले कुणासाठी, आणि त्यात सांगितलेलं पुढे चुकीचं निघालं तेव्हा दुरुस्त करायला परत कोण आलं?

एका रात्री मी शेजारीच बसलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात औषध कंपनीचं नाव. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा मित्राने प्रश्न टाकला. पेशंटचा ऑक्सिजन ८८, बेड ४० किलोमीटरवर, ॲम्ब्युलन्स यायला तीन तास, तोवर मी काय करू? प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला. निवेदिकेने वेळेअभावी क्षमा मागितली, कंपनीचे आभार मानले, पुढच्या बुधवारचा विषय सांगितला. मित्राने वही मिटली. त्या पेशंटला पालथं झोपवायचं, हे त्याला दुसऱ्या दिवशी एका बॅचमेटच्या फोनवरून कळलं.

पालथं झोपवायला पैसे लागत नाहीत ना, म्हणून त्यावर वेबिनार प्रायोजित करायला कुणी येत नाही. तेच डेक्सामेथासोनचं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू या औषधाने कमी होतात, ऑक्सिजन लागत नसेल त्याला मात्र फायदा नाही. औषध काही रुपयांचं. त्याच महिन्यात आपल्याकडे फेविपिरावीर बाजारात आली, एक गोळी १०३ रुपयांना, पहिल्या दिवशी १८ गोळ्या. आता मला सांगा, कंपनी कशावर बोलायला माणसं बोलावणार?

स्टेरॉइडची बातमी तालुक्यात पोचली, पण अर्धीच. "स्टेरॉइडने माणूस वाचतो" एवढं आलं. कुणाला, कधी, किती दिवस आणि साखर तपासत राहायची, हे मागेच राहिलं. आमच्या आळीतल्या एका काकांना जुना मधुमेह. तापाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना स्टेरॉइड सुरू झालं, ऑक्सिजन ९७ असताना. कोरोनातून ते उठले आणि २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसने त्यांचा एक डोळा काढावा लागला. ज्यांनी औषध दिलं ते वाईट डॉक्टर नाहीत. चांगले आहेत, रात्रीबेरात्री उठून येतात. पण ते बीएएमएस आहेत, आणि त्या इंग्रजी वेबिनारांचं निमंत्रण त्यांना कधी आलंच नव्हतं. आमच्यासारख्या गावात तापाचा पहिला पेशंट बघतं कोण? बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर, आरोग्य केंद्रातली सिस्टर, आशाताई, नाहीतर मेडिकलवाला. साथीचं ज्ञान पहिलं यांच्याकडे यायला हवं होतं, आणि ते मराठीत यायला हवं होतं.

प्लाझ्माचं तर माझंच पाप सांगतो. जून २०२० च्या शेवटी राज्यात गाजावाजा करून प्लॅटिना प्रकल्प सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये आयसीएमआरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ३९ रुग्णालयं, ४६४ पेशंट, आणि प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले ना आजार बळावायचा थांबला. तरीही एप्रिल २०२१ मध्ये लोक प्लाझ्मासाठी गावोगाव फिरत होते आणि "अर्जंट प्लाझ्मा हवा" अशा पोस्ट मी स्वतः याच भिंतीवर शेअर केल्या. केंद्राच्या उपचार नियमावलीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. प्लाझ्माचे गोडवे गाणारी व्याख्यानं यूट्यूबवर तशीच राहिली. "आम्ही तेव्हा हे बोललो होतो, ते बरोबर नव्हतं" असं सांगायला घेतलेला एकही वेबिनार माझ्या मित्राच्या वहीत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०२१ मध्ये टास्क फोर्सला घेऊन "माझा डॉक्टर" ही ऑनलाइन परिषद झाली. म्हणजे कंपनीशिवाय होऊ शकतं. मे महिन्यात मुख्यमंत्री सत्तर हजार आशाताईंशी ऑनलाइन बोलले, कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात त्या आशाताईंना मानधनासाठी संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे महिन्याला दीड हजार वाढले. पडद्यावर नमस्कार करायला खर्च येत नाही.

आणि कंपनीच्या पैशाचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम काढला होता, की औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या परिसंवादांत डॉक्टरांनी सहभागी होऊ नये. त्याच महिन्यात तो सगळा नियमसंचच स्थगित झाला. "मग पैसे कोण देणार?" असं डॉक्टर मंडळी विचारतात. अहो, एका ऑनलाइन मीटिंगला खर्च तो किती? हॉल नाही, जेवण नाही, बॅग-पेन नाही.

पुढची साथ येईल तेव्हा आम्ही पुन्हा त्याच कोपऱ्यातल्या लोगोकडे बघत बसायचं का? जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा तासभर मराठीतून ऑनलाइन बसावं. सगळ्या पॅथींचे डॉक्टर, सिस्टर, आशाताई, मेडिकलवाले यांना एकच लिंक. निम्मा वेळ फक्त प्रश्नांना. मागच्या वेळी सांगितलेलं बदललं असेल तर सुरुवात त्यापासून. पॉइंट द्यायचे तर याचे द्या. डेंग्यूपासून सुरू करा, त्याला महामारीची वाट बघायची गरज नाही.

या मागणीचं निवेदन सोमवारी सकाळी अकरा वाजता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देतोय. आत्तापर्यंत चार सह्या आहेत. पहिली आळीतल्या काकांची, दुसरी त्या आवाज बंद करून बसलेल्या मित्राची. ज्यांना करायची असेल त्यांनी पंचायत समितीच्या गेटपाशी या, पेन आणतो.