दुखणे गुडघ्याचे, दोष क्लीटचा

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण केलेला सायकलस्वार दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरू लागला, की घरचे वयाला दोष देतात आणि मित्र कमी सरावाला. बुटाच्या तळाशी स्क्रूने आवळलेल्या क्लीटकडे कोणी पाहत नाही. तपासणी खरे तर तिथूनच सुरू व्हायला हवी.

पाय जखडणाऱ्या या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, हीच एक गंमत. जुन्या पेडलवरची क्लिप आणि पट्टा गेला, म्हणून हे नाव. स्कीच्या बुटांची पकड पाहून ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने ते बनवले आणि १९८५ साली बर्नार इनो यांनी त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. व्यावसायिक खेळाडूची क्लीट जाणकार माणूस मोजून-मापून बसवतो. हौशी सायकलस्वाराची क्लीट मात्र अनेकदा दुकानात दोन मिनिटांत बसते.

मिनिटाला ८० फेरे धरले, तर गुडघा तासाला ४,८०० वेळा दुमडतो. क्लीट तिरकी असेल तर तितक्याच वेळा तो आपल्या रेषेबाहेर ओढला जातो. टेबलावर बसून पाय लोंबते सोडावेत. चवडे जितके आत-बाहेर वळतात, क्लीटचा कोन साधारण तितका ठेवावा. शिमानोच्या रोड सायकलच्या पिवळ्या क्लीटमध्ये पायाला सहा अंश हलायला जागा मिळते, निळीत दोन, लालमध्ये शून्य. नवख्याने लालच्या नादी लागू नये. दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल, तर सीट फार खाली नाही ना, हेही पाहावे.

चवडा बधीर होत असेल तर क्लीट दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवावी. तरीही मुंग्या येत असतील तर बूट अरुंद आहे. चपलेत वाढलेला रुंद पाय निमुळत्या बुटात कोंबून ‘वापरून सैल होईल’ असे म्हणण्यात अर्थ नाही. कडक तळाचा बूट रुंदीला फारसा सैलावत नाही. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात, म्हणून खरेदी तेव्हाच करावी.

सर्वात धोकादायक बिघाड मात्र दिसत नाही. दोन स्क्रूंच्या क्लीटमधला एक गळून पडला, की टाच फिरवल्यावर बूट फिरतो, पण क्लीट सुटत नाही. मागून एसटी येत असताना सिग्नलला हे कळणे परवडणारे नाही. म्हणून लांबच्या प्रवासाआधी ॲलन कीने स्क्रू तपासावेत आणि पेडलची पकड सुरुवातीला सर्वात सैल ठेवावी.

रोज आठ-दहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला तर या साऱ्याची गरजच नाही. ‘पाय वर ओढतानाही ताकद मिळते’ ही जाहिरात फुगवलेली आहे. बहुतेक जोर खाली दाबतानाच लागतो. साधे रुंद पेडल पुरते. आणि सगळे जुळवूनही गुडघ्याला सूज असेल किंवा तो मध्येच अडकत असेल, तर पाना ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.