विश्लेषण : माळरानावरचा तंबू कोणाच्या परवानगीने?

थंडी पडू लागली की शनिवारी दुपारी पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालेल्या काही गाड्यांच्या टपावर तंबूंची गाठोडी दिसतात. भिगवणला रोहित पक्षी पाहायचे, मासळीवर ताव मारायचा आणि रात्र जवळच्या ‘मोकळ्या जागेत’ शेकोटीभोवती काढायची, असा बेत असतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशी जागा शोधावी लागत नाही. कुंपण नसलेले माळ चहूकडे पसरले आहेत. गोंधळ इथूनच सुरू होतो.

‘मोकळी’ जागा कोणाची?

यातला बराच माळ वन विभागाचा आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकाऱ्यांसाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर, म्हणजे एका टोकाला वाजलेले गाणे सहज आतपर्यंत पोहोचावे एवढेच. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने ‘ग्रासलँड सफारी’ सुरू केली आहे. तिथे ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक वाटाड्या असतो, मार्गही ठरलेला असतो. रात्रीच्या तंबूला यातले काहीच नसते.

एका शेकोटीने काय बिघडते?

माळावर झाडे मुळात थोडी. हिवर, बाभूळ, बोर, खैर, तीही खुरटी. शेकोटीला वाळकी काटकी पुरत नाही, मग ओल्या फांद्या मोडल्या जातात. वाऱ्याच्या आडोशासाठी जाळ बुंध्याजवळ केला, तर नुकसान लगेच दिसत नाही. सालीच्या लगेच आत जिवंत पेशींचा पातळ थर असतो. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. बुंध्याभोवती हा थर भाजला की मुळे उपाशी राहतात आणि झाड पुढच्या काही महिन्यांत वाळते. तोवर तंबूवाले केव्हाच घरी पोहोचलेले असतात आणि दोष दुष्काळावर जातो.

झाडापेक्षा मोठी किंमत गवत मोजते. हिवाळ्यात ते वाळून काडी झालेले असते, एक ठिणगी पुरते. चाकांखाली जमीन घट्ट दबली की पाणी मुरत नाही आणि त्या चाकोरीत पुढच्या पावसाळ्यातही गवत नीट उगवत नाही. चंडोल, माळटिटवी, पखुर्डी हे पक्षी घरटे जमिनीवरच करतात. रात्री दिव्याच्या झोतात पळवलेल्या गाडीला ती अंडी दिसणे शक्य नाही. लांडग्यांची पिल्लेही साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात. सहलींचा हंगाम नेमका तोच. माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि या हलवाहलवीत एखादे पिल्लू गमावण्याचा धोका असतो.

कायदा काय म्हणतो?

अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश हाच वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राखीव वनात झाड तोडणे, जाळणे किंवा साल काढणे यांना 1927 च्या वन अधिनियमातील कलम 26 लागू होते. शहरातील बागांसाठी 1975 चा नागरी वृक्ष कायदा आहे. त्याच्या व्याख्येत ‘झाड तोडणे’ म्हणजे कुऱ्हाड चालवणे एवढेच नाही. जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. बुंध्याशी कचरा पेटवणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

कायदे पुरेसे आहेत. रात्री माळावर पाहायला कोणी नसते, हा खरा प्रश्न. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्याला हटकणे सोपे असते. मोठी गाडी आणि त्यातली ‘ओळख’ यांना हटकणे अवघड. वाड्यावरची चूल वाळक्या काटक्यांवर चालते आणि वाडा चार दिवसांत पुढे सरकतो, हा फरकही कोणी लक्षात घेत नाही.

मग मुक्काम करूच नये?

तसे नाही. याच दोन तालुक्यांतून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात आणि अफाट जनसमुदाय उघड्यावर झोपतो. पण जागा ठरलेली असते, टँकर येतात, शौचालये उभी राहतात, दुसऱ्या दिवशी झाडलोट होते. तंबूवाल्यांसाठीही अशी सोय करता येईल. सफारीच्या नोंदणीतच माळालगतच्या गावातील शेतकऱ्याच्या रानात मुक्कामाची सोय जोडली, तर भाडे गावात राहील आणि शेकोटीला लाकूडही तोच देईल. बदल्यात सूर्यास्तानंतर माळावर एकही गाडी नको, आणि ती दिसली तर वन विभागाला फोन करण्याचे काम त्याच गावाचे. आज गावाला या सहलींतून मिळतात त्या फक्त रिकाम्या बाटल्या; त्यामुळे फोन करायला कोणी उठत नाही.