दारिद्र्याची हौस आणि भाकरीचा हक्क

मिनिमलिझमचे व्हिडिओ बघताना असिसीचा संत फ्रान्सिस कधी ना कधी भेटतोच. श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा, बापासमोर अंगावरचे कपडेही उतरवून देणारा. गोष्ट सुंदर आहे. पण मध्ययुगीन ख्रिस्ती विचारातून आपण नेमकं एवढंच उचलतो, याला माझा आक्षेप आहे.

फ्रान्सिसच्या संघाचं पुढे काय झालं बघा. राहायला मठ हवेत, वाचायला पुस्तकं हवीत, पण मालकी नको. 1279 मध्ये पोप निकोलस तिसरा याने व्यवस्था पक्की केली: मालकी रोमच्या चर्चची, भिक्षूंकडे फक्त वापर. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे ओळखीचं वाटतं. ॲक्सेस माझा, ओनरशिप दुसऱ्याची, आणि माझं काही अडत नाही. 1322 मध्ये पोप जॉन बाविसाव्याने ही सोय मोडली. खाल्ल्यावर जे संपतं, त्यात वापर आणि मालकी वेगळी कशी काढणार? पुढच्याच वर्षी, ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं हा हट्ट पाखंड ठरला. 1328 मध्ये संघाचा प्रमुख, चेझेनाचा मायकेल, आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम आविन्योंहून रातोरात पळाले.

भांडण खरं होतं, त्यात माणसं जिवानिशी गेली. तरीही ते स्वतःहून गरीब झालेल्यांचं भांडण होतं. ज्याच्या ताटात मुळात भाकरीच नाही, त्याचं काय?

त्याचं उत्तर थॉमस अक्वायनसने त्याआधीच, 1270 च्या दशकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. खासगी मालकी त्याला मान्य होती. स्वतःचं असलं की माणूस नीट सांभाळतो, तंटे कमी होतात, असं तो म्हणतो. पण गरजेपेक्षा जास्त असलेलं निसर्गनियमानेच गरिबांचं देणं आहे. आणि जीव जायची वेळ आली, दुसरा मार्गच उरला नाही, तर दुसऱ्याचं उघडपणे किंवा लपून घेतलं तरी ती चोरी नव्हे.

‘मग उद्या कोणीही काहीही उचलेल!’ नाही. निकड उघड आणि तातडीची हवी, ही अट तिथेच आहे.

फ्रान्सिस विचारायला लावतो, माझं किती कमीत भागेल? अक्वायनस विचारतो, तुमच्या कपाटात जास्तीचं पडलंय ते कोणाचं? पहिल्या प्रश्नावर रील बनते, लाइक्स मिळतात. दुसऱ्या प्रश्नावर कपाट उघडावं लागतं. म्हणून तो आपल्या फीडमध्ये येत नाही.