नादारीच्या फायली

आमच्या लहानपणी फी माफ झालेल्या मुलांना शाळेत ‘नादारीतली मुले’ म्हणत. कोर्टात नादारी म्हणजे दिवाळे. कर्ज फेडणे आता आवाक्याबाहेर गेले, असा कबुलीचा अर्ज. हाच कायदा आयुष्यभर शिकवणाऱ्या एका बाईंविषयी या वेळी लिहावेसे वाटते.

एलिझाबेथ वॉरन यांचे नाव अमेरिकेच्या सिनेटमुळे अनेकांच्या कानावर असेल. आम्हाला रस आहे तो त्याआधीच्या त्यांच्या मास्तरकीत. जन्म १९४९, ओक्लाहोमात. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले आणि शिष्यवृत्तीवरचे कॉलेज सुटले. पुढे ह्यूस्टनमधून पदवी घेतली, वर्षभर विशेष गरजांच्या मुलांना शिकवले. मुलगी दोन वर्षांची असताना कायद्याला नाव घातले, १९७६ ला पदवी मिळवली.

१९७८ पासून ह्यूस्टन विद्यापीठात शिकवू लागल्या. घरी दोन लेकरे, सांभाळायला धड कोणी टिकेना. एका रात्री खालाचा फोन आला आणि बाई रडू लागल्या; नोकरी सोडते म्हणाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची खाला म्हणाली, उद्या जमणार नाही, गुरुवारी येते. आली ती सात सुटकेस आणि एक छोटा कुत्रा घेऊन, आणि राहिली सोळा वर्षे! अशी एखादी खाला नसल्याने किती हुशार मुलींच्या नोकऱ्या सुटल्या, ते आमच्या भगिनींना सांगायला नको.

अमेरिकेत तेव्हा नादारीचा नवा कायदा आला होता. अर्ज करणारे बहुतेक लबाड असतात, अशी बाईंची खात्री होती आणि तेच सिद्ध करायला त्या निघाल्या. समाजशास्त्रज्ञ टेरेसा सलिव्हन आणि कायद्याचे प्राध्यापक जे वेस्टब्रुक सोबत होते. झेरॉक्सचे यंत्र बरोबर नेऊन तीन राज्यांतल्या कोर्टांतून १९८१ च्या फायली उतरवून आणल्या. पाहतात तर काय, अर्जदार शिकलेले, नोकरदार. जवळपास निम्म्यांचे स्वतःचे घर. नोकरी गेली, आजारपण आले, तलाक झाला की अशांचीच घडी विस्कटते, हे त्यांच्या पुढच्या अभ्यासांत आणखी स्पष्ट झाले. आपलेच मत चुकले, हे त्यांनी छापून सांगितले. १९८९ चे ते पुस्तक आम्हाला त्यांच्या सिनेटपेक्षा मोठे वाटते. वर्गात फळ्यावरची स्वतःची चूक पुसतानाही आमचा हात जड होतो.

पुढे टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, १९९५ पासून हार्वर्ड. नादारी अवघड करणाऱ्या कायद्याशी त्या दहाएक वर्षे झगडल्या. २००५ मध्ये तो मंजूर झालाच. बाईंचा वर्ग सुरू राहिला. केनेडी घराण्यातला ज्यो तिथे नवा विद्यार्थी होता. करार कायद्यातल्या एका जुन्या शब्दाचा अर्थ बाईंनी विचारला, त्याला येईना. शब्द वाचताना अडला होतात का? हो. मग पुढे काय केलेत? पुढे वाचत गेलो. बाई म्हणाल्या, मिस्टर केनेडी, तुमच्याकडे शब्दकोश आहे का?

२०१६ मध्ये भर अधिवेशनात हा किस्सा त्यानेच हसत सांगितला.