रस्ता सायकलवाल्याचाही आहे!

पहाटे डबा हँडलला अडकवून कामावर निघणारा बांधकाम मजूर, झाडू घेऊन निघालेला सफाई कामगार, घरोघरी पेपर टाकणारे पोर. नांदेड-लातूरच्या रस्त्यावर सायकल चालवतो तो कोण? बहुतेक आपलाच माणूस. आणि रस्ता बांधला जातो कोणासाठी? चारचाकीवाल्यासाठी!

नांदेडला संधी आली होती. 2005 साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत या शहराची निवड झाली. 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानिमित्त रस्ते रुंद झाले. आराखड्यात पदपथ आणि सायकलींसाठी वेगळा पट्टाही होता. मराठवाड्यात हे नवलच! पण पट्टा आखला म्हणजे काम संपत नाही. त्यावर मोटारसायकली उभ्या राहिल्या, वाळूचे ढीग पडले की सायकलवाला पुन्हा ट्रकच्या चाकाशेजारी. दोष हातगाडीवाल्याला देऊ नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यालाही जागेचा हक्क दिला आहे. ती जागा आखून देणे हे पालिकेचे काम.

लातूरचे पाहा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. 'लातूर पॅटर्न'साठी खेड्यापाड्यांतून आलेली मुले भाड्याच्या खोलीतून शिकवणीला जातात. मानव विकास कार्यक्रमात शासन आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देते. सायकल दिली, पण ती चालवायला रस्ता कुठे आहे?

मागणी मोठी नाही. दोन सायकली शेजारून जातील एवढा, उंच कठड्याने वेगळा केलेला पट्टा. मराठवाड्याच्या उन्हात सावली देणारी कडुलिंबाची रांग. चाक अडकणार नाही अशी गटारीची जाळी. शिकवणीहून संध्याकाळी परतणाऱ्या मुलीसाठी दिवे. शाळा, दवाखाना, बाजार येथे साखळी लावता येईल असा स्टँड. उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा खर्च तो किती?

1927 साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. संविधानाच्या कलम 15 ने विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्त्यांचेही नाव घेतले. रस्त्यावर पाऊल ठेवण्याची बंदी कायद्याने उठली. पण जिथे जीव मुठीत धरून जावे लागते तो रस्ता सार्वजनिक कसा?

पालिकेचे अंदाजपत्रक येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या नगरसेवकाला एकच विचारावे: रस्त्याच्या पैशातला सायकलवाल्याचा वाटा किती? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.